संशय ठेवा, पण मोजून

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कारणं हाताशी तयार असायची. आधी वाटे, सोसायटीतला वाद पुन्हा पेटेल. मग वाटे, कमिटीवरून काढतील. कमिटीवरून गेल्यावर वाटलं, आता कोणाला काय पडलंय. खरं कारण ह्यातलं एकही नव्हतं. ते पुढे येईलच. त्याआधी तो माणूस तुम्हाला नीट दिसायला हवा, कारण आमच्या सोसायटीने त्याला शेवटपर्यंत चुकीचा पाहिला, आणि त्यांना तसा दाखवणारा मी होतो.

बोट वर करून ते विचारायचे, "वर कोण आहे?"

मला त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं ते लिफ्टपाशी. जेसल पार्कातल्या आमच्या इमारतीत राहायला येऊन त्यांना चारच दिवस झाले होते. मी सेक्रेटरी. मला वाटलं, वरच्या भाडेकरूबद्दल तक्रार असेल.

"तुमच्या वर तिसऱ्या मजल्यावर सावंत."

"त्यांच्या वर?"

"गच्ची."

"आणि गच्चीच्या वर?"

"देव."

"देवाला मधे आणू नका, सेक्रेटरी. त्याने सोसायटीचे नियम वाचलेले नाहीत." त्यांनी बोट खाली घेतलं. "वर कोणी नाही. आमचा विषय तिथूनच सुरू होतो."

माणूस विक्षिप्त असावा किंवा त्याला कमिटीत यायचं असावं, असं मला वाटलं. दुसरी शक्यता मी जास्त धरली. मी छत्तीस वर्षं एका कारखान्याच्या गोदामात काढली आहेत. समोरून येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन जाणार आहे, असं धरून चालण्याबद्दलच मला पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, सवय नाही थांबली.

सगळे त्यांना सर म्हणायचे. मीही तेवढंच म्हणतो; नाव लिहीत नाही. कॉलेजात त्यांनी हयातभर आंतरराष्ट्रीय संबंध शिकवले होते. वर कोणी मालक नसताना देश एकमेकांशी का भांडतात, कधीकधी का भांडत नाहीत, आणि ह्याबद्दल विद्वान लोक आपसात किती भांडतात, असा तो विषय. अंगकाठी किडकिडीत, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट आणि त्याच्या खिशात पेनाशेजारी खडूचा तुकडा. शिकवणं सुटून वर्षं झाली होती तरी खडू होताच. बोलता बोलता ते पार्किंगच्या फरशीवर दोन वर्तुळं काढायचे आणि मधे बाण. आमचा वॉचमन तिवारी ती रोज सकाळी पुसायचा आणि मला सांगायचा, "साहब, सर फिर नक्शा बनाए हैं."

नक्शा हा शब्द मी लक्षात ठेवला.

आता पाण्याचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या दोन विंग, ए आणि बी. खाली टाकी एक, पंप एक. पंपातून निघालेला पाइप पुढे दोन फाटे होऊन गच्चीवरच्या दोन टाक्यांना जातो, आणि प्रत्येक फाट्यावर एक व्हॉल्व्ह आहे. दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवायचे आणि तिवारीने सकाळी एकदा, दुपारी चारला एकदा पंप चालवायचा, ही जुनी पद्धत. पंपाचं बटण बाहेर तिवारीच्या खोलीत, पंपरूमची किल्ली माझ्याकडे.

एका उन्हाळ्यात आमच्या ए विंगला पाणी कमी यायला लागलं. बी विंगचे पुढारी पटेलभाई. मी त्यांना गाठलं तर ते म्हणाले, "अरे सेक्रेटरीसाब, तुमच्या टाकीत पानी कम, तो हमारा क्या कसूर?" इतकं चटकन उत्तर देणारा माणूस आधीपासून तयारीत असतो. मी पंपरूमला मोठं कुलूप लावलं. आठवड्यात बी विंगने पंपरूमच्या दारावर कॅमेरा बसवला. मग आम्ही त्या कॅमेऱ्याकडे तोंड करून आमचा कॅमेरा बसवला.

सर त्या दोन कॅमेऱ्यांखाली उभे राहून पोट धरून हसले. मला राग आला. तुम्ही राहता ए विंगमध्ये, तुमच्या नळाला पाणी कमी, आणि हसता कशाला?

"सेक्रेटरी, ह्याला आमच्यात सुरक्षेचा पेच म्हणतात," ते म्हणाले. "तुम्ही स्वतःला वाचवायला कुलूप लावलंत. त्यांना कुलूप दिसलं, तुमची भीती दिसली नाही. त्यांनी कॅमेरा लावला. तुम्हाला कॅमेरा दिसला, त्यांची भीती दिसली नाही. आता दोघंही पहिल्यापेक्षा जास्त घाबरलेत. आणि पाणी तेवढंच आहे."

"मग काय, गप्प बसायचं?"

"छे. संशय ठेवा, पण मोजून ठेवा."

हे त्यांचं दुसरं पालुपद. दुधवाल्यापासून परराष्ट्रमंत्र्यापर्यंत ते सगळ्यांना लागू करायचे.

संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर आम्ही चारपाच म्हातारे बसायचो. सरांच्या हातात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी असायची. एकदा आमच्यातल्या एकाने विचारलं, "सर, एवढी वर्षं शिकवलंत तरी काय?" सरांनी बाकावर तीन दाणे मांडले.

"ह्या तिघांना आपल्या पंपरूमपाशी उभं करा. हा वास्तववादी. हा म्हणेल, वर कोणी नाही, तेव्हा आपली टाकी आपणच राखायची. शेजाऱ्याच्या मनात काय आहे ते विचारू नका, हातात काय आहे ते बघा. हा दुसरा उदारमतवादी. हा म्हणेल, वेळा ठरवा, नियम करा, नोंद उघडी ठेवा. रोज एकमेकांची गरज लागली की भांडण परवडत नाही. आणि हा तिसरा, रचनावादी. हा पंपाकडे बघणारच नाही. हा विचारेल, भिंतीवर ए आणि बी कोणी रंगवलं?"

"बिल्डरने," मी म्हणालो.

"झालं! बिल्डरने दोन अक्षरं रंगवली आणि तुम्ही दोन राष्ट्रं झालात."

सगळे हसले. मी विचारलं, "आणि तुम्ही ह्यातले कुठले?"

"मी परीक्षक." त्यांनी वास्तववादी उचलून तोंडात टाकला.

तेवढ्यात आमची ही चहा घेऊन आली होती. कप ठेवता ठेवता म्हणाली, "सर, तुमच्या तिन्ही दाण्यांत बादल्या कोण भरतं?" ते उभेच राहिले. "वहिनी, हा चौथा प्रवाह, स्त्रीवादी! आमच्या अभ्यासकांना इथवर पोचायला फार उशीर झाला." पुढे मला कळलं, पाणी गेलं की मागच्या जिन्याने ए विंगच्या बायका बी विंगमधून आणि बी विंगच्या ए विंगमधून कळश्या नेत होत्या. आमचे कॅमेरे पुढच्या दारावर होते.

त्या उन्हाळ्यात सरांनी कमिटीला अर्ज दिला. दोन्ही टाक्यांतलं पाणी रोज मोजून आकडे लिफ्टजवळच्या फळ्यावर लिहावेत, एवढीच मागणी होती. मी तो अर्ज बैठकीपुढे ठेवलाच नाही. मग त्यांनी स्वतःच सुरुवात केली. बांबूच्या एका काठीवर निळ्या रंगाने इंचाच्या खुणा केल्या. रोज संध्याकाळी गच्चीवर जायचे, ए विंगच्या टाकीत काठी बुडवायचे, मग बी विंगच्या, आणि एका वहीत लिहायचे. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून टाकीमागच्या खिळ्याला टांगलेली असायची. लपवायची नाही, म्हणायचे, लपवली तर तिचा उपयोग काय? मला मात्र उघड्यावर ठेवलेली वस्तू जास्त संशयास्पद वाटते. गोदामात चोरीचा माल नेहमी दारातच असतो.

"साहब, सर बी विंग की टंकी में भी लकड़ी डालते हैं," तिवारीने सांगितलं.

आपल्या विंगच्या माणसाला बी विंगच्या टाकीचं काय पडलंय? एका सकाळी सर बाजारात गेल्यावर मी गच्चीवर गेलो, वही पिशवीतून काढली आणि घरी आणली.

इथे मला थांबावंसं वाटतंय. पण थांबत थांबतच इतकी वर्षं गेली.

वहीत रकाने होते. तारीख, ए विंगचे इंच, बी विंगचे इंच, शेरा. कित्येक पानं एकाच चालीची. आमची टाकी जरा भरलेली, बी विंगची तिच्यापेक्षा सात-आठ इंच कमी. मधेच चार दिवस मात्र उलटं, आमचीच टाकी कमी. त्या चार दिवसांपुढे शेरा होता, 'सेक्रेटरी मुलाकडे पुण्याला.'

त्यांनी बरोबर पकडलं होतं. दुपारी तीनच्या सुमाराला, इमारत झोपलेली असताना, मी पंपरूममध्ये जायचो आणि बी विंगच्या व्हॉल्व्हचं चाक दोन फेरे आवळायचो. पाच वाजता परत सैल करायचो. कॅमेऱ्यात मी रोज दिसत होतो, पण पाहणी करणाऱ्या सेक्रेटरीवर कोण संशय घेणार? मी स्वतःला सांगायचो, पटेलभाई आमचा व्हॉल्व्ह आवळत असणारच, मी फक्त बरोबरी करतोय. त्यांना आवळताना मी कधी पाहिलं नव्हतं. पाहायची गरज वाटली नव्हती. पुढे वर्षभराने प्लंबरने आमचा पाइप कापला तेव्हा आतून गंजाची जाड पुटं निघाली. पाइपाचं भोक निम्मंही उरलं नव्हतं. पाणी कोणी चोरलंच नव्हतं. चोर एकच होता, आणि त्याच्याकडे किल्ली होती.

पुण्याच्या त्या शेऱ्यानंतरचं पान उलटलं तर तिथे फक्त तीन ओळी होत्या. स्वच्छ, फळ्यावर लिहावं तशा अक्षरात:

'एकट्याने बोलावे. सभेत नको.
माणूस घाबरलेला आहे, वाईट नाही.
आधी पाइप तपासून घ्यावा.'

तुम्ही हे वाचताय तेव्हा तुम्हाला त्यात काय दिसतं ते मला माहीत आहे. मलाही आता तेच दिसतं. त्या सकाळी मला दिसलं ते असं: हा मला एकट्याला गाठणार. 'सेक्रेटरी, जरा बाजूला येता का' म्हणणार आणि मग आयुष्यभर मुठीत ठेवणार. गोदामात मला बाजूला बोलावणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी हवं असायचं. त्याने तोंड उघडायच्या आत आपण उघडायचं, असं मी ठरवलं.

रविवारी पार्किंगमध्ये सर्वसाधारण सभा होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, डावीकडे ए विंग, उजवीकडे बी विंग. कोणी सांगितलं नव्हतं, तसेच बसायचे. मी वही वर धरली. "आपल्याच विंगमधला एक सभासद बी विंगच्या टाकीची रोज पाहणी करतोय," मी म्हणालो. "कोणासाठी करतोय, हे त्यालाच विचारा." आणि मी बी विंगचे इंच वाचून दाखवले. फक्त बी विंगचे. आमचे नाही, शेरे नाहीत.

"आपलं खाऊन त्यांची चाकरी!" मागून कोणीतरी ओरडलं. "गद्दार आहे!"

पटेलभाई तर खुर्चीतून उठलेच. "हमने नहीं बोला इनको! हमको तो मालूम भी नहीं." म्हणजे सरांना तिकडेही जागा नाही.

सर उभे राहिले. मला वाटलं आता सगळं बाहेर येणार. ते एवढंच म्हणाले, "सेक्रेटरी, पुढचं पान वाचा."

"वेळ नाही," मी म्हणालो आणि वही मिटली.

ते पुण्याचं एक वाक्य बोलले असते तरी मी संपलो असतो. ते खाली बसले. 'सभेत नको' असं त्यांनी लिहिलं होतं, आणि त्यांनी ते पाळलं. मी मात्र त्यातही डाव शोधत होतो.

घरी आल्यावर हिने विचारलं, "पुढच्या पानावर काय होतं हो?"

"काही नाही. आकडे."

तिने पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्यानंतर मी दुपारी तीनला उठलो की ती जागीच असायची. म्हणायची, "पंपरूमला जाताय?" मी म्हणायचो, "नाही, पाय मोकळे करतोय." व्हॉल्व्ह आवळणं असं बंद झालं.

सरांना व्हॉट्सॲप ग्रुपमधून मीच काढलं. बाकावर ते यायचे तेव्हा एकेकाला घरी कामं आठवायची. शेंगदाण्याची पुडी शेजारी ठेवून ते एकटे बसायचे, थोड्या वेळाने पुडी तशीच गुंडाळून वर जायचे. फरशीवर वर्तुळं दिसेनाशी झाली. एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच सापडलो. मी आकड्यांच्या बटणांकडे बघत राहिलो. ते हळूच म्हणाले, "पाइप एकदा बघून घ्या, सेक्रेटरी." मला वाटलं, धमकी आहे.

वर्ष व्हायच्या आत ते मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कात, मुलीकडे राहायला गेले. टेम्पोत पुस्तकांचीच खोकी होती. हिने त्यांना थालीपिठांचा डबा दिला. बांबूची काठी त्यांनी तिवारीला दिली. "इसका क्या करूँ, सर?" तिवारीने विचारलं. "आम तोड़ना," ते म्हणाले. मी खिडकीच्या पडद्यामागे होतो.

मग प्लंबर आला, पाइप कापला, आणि गंज माझ्या हातात आला.

त्यानंतर महिन्याभराने मी बेव्हर्ली पार्कला गेलो. वही पिशवीत होती. गेटवरच्या वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. नाव, कुठून आलात, कोणाकडे, आणि शेवटचा रकाना, काम. पेन हातात घेऊन मी त्या रकान्यावर अडलो. इथे लिहिलं तर ते लेखी राहील. सरांनी तक्रार केलेली असली तर हा माझ्या सहीचा कबुलीजबाब. आधी त्यांच्या मनात काय आहे ते कळायला हवं, त्यांनी एक पाऊल टाकलं तर मी टाकेन. मी पेन ठेवलं आणि परत आलो. रिक्षात बसल्यावर मला त्यांचा पेच आठवला. दोघांनाही दुसऱ्याचं कुलूप दिसतं, ते म्हणाले होते. ह्या वेळी तर समोर कुलूपही नव्हतं.

पुढे एका नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो तर शेजारच्या खुर्चीवर सर. बरेच वाळले होते. खिशात खडू होता. त्यांनी मला पाहिलं आणि छताकडे बोट केलं.

"वर कोण आहे?"

"पंखा," मी म्हणालो.

ते इतके हसले की काउंटरवरच्या मुलीने वळून पाहिलं. त्यांचा नंबर आला. अंगठा यंत्रावर ठेवला, यंत्राने घेतला नाही. पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या अंगठ्यावर रेषाच नाहीत."

"खडूने पुसल्या, बाई. मी हयात आहे याबद्दल तुमच्या यंत्राला संशय आहे. रास्त आहे. मोजू द्या त्याला."

तिसऱ्या वेळी यंत्राने मानलं. परत येऊन पिशवी उचलताना ते माझ्याकडे वाकले. आवाजात काहीही नव्हतं, ना राग, ना टोमणा. "सेक्रेटरी, ती वही आहे ना जपून?"

हा तो क्षण. त्यांनी पाऊल टाकलं होतं. वही घरी कपाटात होती, तीन ओळी मला पाठ होत्या, आणि माझ्या तोंडून आलं:

"कसली वही?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. परीक्षक एखाद्या पेपरकडे बघेल तसं नाही. कोऱ्या पेपरकडे बघेल तसं. "नाही, असंच," ते म्हणाले. "चला, अजून एक वर्ष मिळालं."

पुढच्या नोव्हेंबरात मी माझा दाखला देऊनही तीन दिवस बँकेत जाऊन बसलो, वही मांडीवर घेऊन. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, तुमचं झालंय ना?" चौथ्या दिवशी मी बेव्हर्ली पार्कला गेलो. वॉचमन नवा होता, रजिस्टर तेच. नाव लिहिलं. जेसल पार्क लिहिलं. सरांचं नाव लिहिलं. कामाच्या रकान्यात लिहिलं, 'माफी मागणे'.

वॉचमनने रजिस्टर फिरवून वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "वो सर तो गुज़र गए, साहब. गणपति के बाद. बेटी भी घर बंद करके गई है."

जो आत गेला नाही त्याची नोंद ठेवायची नाही, असा तिथला नियम असावा. त्याने पट्टी घेतली आणि माझ्या ओळीवर सरळ रेघ मारली.

रकाना तसा बोटभर रुंदीचा होता. जागा असती तर पूर्ण लिहिलं असतं: सर, ते दोन फेरे मीच आवळत होतो, आणि तुम्ही म्हणालात ना, पुढचं पान वाचा, ते मी आधीच वाचलं होतं.